मदत हवी आहे : पर्यावरणीय आरोग्यासाठी एमएस्सी करावे की एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ)?

नमस्कार. मी रसायनशास्त्राचा पदवीधर असून गेली चार वर्षे हवा आणि पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करतो आहे. पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्य या विषयात पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे मी ठरवले आहे, पण कोणता अभ्यासक्रम निवडावा यावर माझे अडले आहे. या वाटेने गेलेल्यांचा सल्ला हवा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे रोजचे काम मोजण्याचे आहे. हवेतील सूक्ष्म कण मोजायचे तर गाळणकागद आधी चोवीस तास ठरावीक तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या खोलीत ठेवावा लागतो, मग मायक्रोग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर तो चिमट्याने ठेवायचा आणि आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहायची. कागदावर किंचित स्थिर विद्युत राहिली तरी आकडा सरकत राहतो. दिवसभर हवा ओढून परत आलेला तोच कागद मधोमध राखाडी झालेला असतो. पुन्हा वजन घ्यायचे, वाढलेल्या वजनाला ओढलेल्या हवेच्या घनफळाने भागायचे आणि उत्तर अहवालात लिहायचे. हे काम मला आवडते आणि ते मी चोख करतो.

गेल्या वर्षी एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर आमचे यंत्र बसवले होते. मी रोज कागद बदलायला जात असे. एके दिवशी फाटकापाशी बसणाऱ्या पहारेकऱ्यांनी मला थांबवून विचारले, ‘‘साहेब, यंत्र वर आहे आणि मी बारा तास इथे रस्त्याला लागून बसतो. मला खोकला आहे तो या हवेमुळे आहे का, हे तुमच्या यंत्राला कळेल का?’’ मी त्यांना त्या आठवड्याची सरासरी सांगितली. त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे आम्हा दोघांनाही कळत होते. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही आणि नोकरी सोडून शिकायला जाण्याचे खरे कारण तोच आहे.

स्वतःहून वाचण्याचा प्रयत्न केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५ ची (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांची) वार्षिक मार्गदर्शक पातळी प्रति घनमीटर १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, हे मी अहवालात नेहमी लिहितो. पण दहाचे पाच कोणत्या तर्काने झाले, हे मला समजावून सांगता येत नाही. मग अमेरिकेतील सहा शहरांचा १९९३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचायला घेतला. त्यात ८,१११ प्रौढांचा १४ ते १६ वर्षे पाठपुरावा केला होता आणि सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहराच्या १.२६ पट निघाला. धूम्रपानासारख्या घटकांचा प्रभाव बाजूला काढल्यावर उरलेला हा आकडा आहे, एवढे कळले. तो प्रभाव बाजूला कसा काढला हे कळले नाही, आणि तिथे मी अडकलो.

आता मुख्य प्रश्न. पर्यावरणीय आरोग्याच्या एमएस्सीत मी पाहिले त्याप्रमाणे विषशास्त्र, एक्स्पोजर (माणसाचा प्रदूषणाशी येणारा संपर्क) मोजण्याच्या पद्धती आणि जोखमीचे मूल्यांकन यांवर भर असतो. एमपीएचमध्ये साथरोगशास्त्र (लोकांमध्ये आजार कुणाला आणि का होतात याचा अभ्यास) आणि जैवसांख्यिकी (आरोग्याच्या आकड्यांची सांख्यिकी) अधिक, शिवाय आरोग्य धोरण आणि व्यवस्थापनही, परंतु पर्यावरण हा विषय कधी कधी एकाच पेपरपुरता उरतो. माझ्यासारख्याने काय निवडावे? वैद्यकीय पदवी नसल्याने पुढे अडचण येते का? माझे सांख्यिकीचे ज्ञान कॅलिब्रेशनच्या (यंत्राचा आकडा ज्ञात प्रमाणाशी जुळवण्याच्या) सरळ रेषेपुरतेच आहे. प्रवेशाआधी कोणती तयारी करावी? आणि प्रबंधासाठी चाळीसेक लोकांच्या अंगावर लहान नमुनायंत्रे लावून त्यांच्या खोकल्याशी संबंध तपासावा असे मनात आहे, ते दोन वर्षांत झेपेल का?

प्रतिसाद

आपण प्रश्न फार नेमका मांडला आहे, त्यामुळे सल्ला देणे सोपे जाते. पदवीच्या नावावर जाऊ नका. अभ्यासक्रमाची विषयवार यादी मागवा आणि साथरोगशास्त्र व जैवसांख्यिकीचे मिळून किती पेपर आहेत ते मोजा. प्रत्येकी दोन असतील तर एमएस्सीही चालेल. नसतील तर पर्यावरणाचे विशेषीकरण असलेले एमपीएच घ्या, कारण आपली उणीव प्रयोगशाळेतली नाही. मागील दोन-तीन वर्षांतील प्रबंधांची शीर्षकेही अवश्य पाहा. तिथे काय शिकवतात याचा अंदाज माहितीपत्रकापेक्षा त्यांतून चांगला येतो. वैद्यकीय पदवीची अट अनेक ठिकाणी नसते.

रसायनशास्त्र वाया जाईल असे मात्र समजू नका. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याचा शोध घेताना जॉन स्नो घरोघरी जाऊन पाणी कोणत्या कंपनीचे येते हे विचारत होते. अनेक रहिवाशांना ते सांगता येत नसे. तेव्हा त्यांनी पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घालून मिठाचे प्रमाण पाहिले. एका कंपनीचे पाणी दुसरीच्या सुमारे चाळीसपट खारट होते, त्यामुळे घर कोणत्या बाजूला मोजायचे ते ठरले. पुढे दहा हजार घरांमागे एका कंपनीच्या ग्राहकांत ३१५ आणि दुसरीच्या ग्राहकांत ३७ मृत्यू निघाले. या तुलनेमागे एक साधी रासायनिक चाचणी उभी होती. आपल्याला येते ते हेच आहे, फक्त तुलना कशी रचायची ते शिकायचे आहे.

सांख्यिकीसाठी आधी दोन ओळी आणि दोन स्तंभांचा तक्ता (प्रदूषणात राहणारे व न राहणारे, त्यांतले आजारी व निरोगी) हाताने सोडवायला शिका, मग धूम्रपान करणारे आणि न करणारे असे दोन वेगळे तक्ते करून तेच गणित पुन्हा करा. सहा शहरांच्या अभ्यासात आपण जिथे अडकलात तिथली वाट इथूनच सुरू होते. त्यानंतर ‘आर’ ही सांख्यिकीची मोफत संगणकप्रणाली आणि लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे आजार आहे की नाही याचा अनेक घटकांशी संबंध एकाच वेळी तपासण्याची पद्धत.

प्रबंधाबाबत माझे स्पष्ट मत असे, की चाळीस लोकांत खोकल्याचा संबंध सिद्ध करायला जाऊ नका, संख्या तोकडी पडेल. पण गच्चीवरचा आकडा आणि फाटकापाशी बसलेल्या माणसाच्या श्वासातला आकडा यांत किती अंतर आहे, हा प्रश्न तेवढ्या लोकांत सुटू शकतो आणि तो प्रबंधाला पुरेसा आहे. नैतिक समितीच्या परवानगीला काही महिने लागू शकतात, तेव्हा अर्ज पहिल्या वर्षातच करावा.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. खोकल्याचा भाग सोडून देताना वाईट वाटते, पण आपले म्हणणे पटले. एकच विचारतो : चाळीस जणांचे प्रत्येकी एक दिवस मोजावे, की कमी लोकांचे अनेक दिवस?

प्रतिसाद

लोक थोडे कमी करा, पण प्रत्येकाचे किमान दोन-तीन दिवस मोजा, आणि त्यांतला एक सुट्टीचा असू द्या. एकाच माणसाचा आकडा रोज किती बदलतो हे कळल्याशिवाय दोन माणसांतला फरक खरा आहे की केवळ त्या दिवसाचा, हे सांगता येणार नाही. आणि त्या पहारेकऱ्यांना सहभागी व्हाल का, असे जरूर विचारा.