सेल्युलॉइडच्या बाहुल्या हवाबंद डब्यात नकोत

धूळ बसू नये म्हणून देशोदेशींच्या जुन्या पोशाखी बाहुल्या हवाबंद डब्यात ठेवाव्यात, हा सल्ला लाकडी किंवा कापडी बाहुल्यांपुरता एक वेळ चालेल, पण सेल्युलॉइड या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या बाहुलीला तो मारक आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जर्मनी आणि जपान येथे अशा बाहुल्या मोठ्या प्रमाणावर बनत. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून तयार होणारा हा पदार्थ जुना झाला की त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. ती डब्यात कोंडून राहिली तर ओलाव्याशी मिळून आम्ल बनते, बाहुली अधिकच वेगाने झिजते आणि शेजारच्या बाहुल्यांचे रेशीमही कुजते. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा तर हे आणखी लवकर घडते. माळ्यावर एका उन्हाळ्यात बंद राहिलेल्या माझ्या किमोनोधारी बाहुलीचे गाल चिकट झाले आणि पोशाखाच्या टाचण्या गंजून रेशमावर तांबूस डाग उमटले, ते आजतागायत निघालेले नाहीत.

बाहुली सेल्युलॉइडची आहे का, हे पाहण्यासाठी झाकलेला भाग अंगठ्याने जोरात घासावा; कापराचा मंद वास आला तर बहुधा तीच. तापलेली सुई टोचून पाहण्याची जुनी युक्ती मात्र कोणीही करू नये, कारण सेल्युलॉइड क्षणात पेट घेते. अशा बाहुल्या मी आता भिंतीतल्या थंड कोनाड्यात, धुतलेल्या मांजरपाटाखाली, इतरांपासून वेगळ्या ठेवतो.