मदत हवी आहे : व्हिज्युअल स्टुडिओमध्ये एनपीकॅप जोडताना लिंकर एरर

नमस्कार मंडळी,

परळला आमची एक छोटी अभ्यासिका आहे. तिच्यासाठी एक प्रोग्राम लिहायला घेतलाय आणि गाडी लिंकरपाशी (कोड आणि लायब्ररी जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या टप्प्यापाशी) अडून बसली आहे. सी प्लस प्लस बऱ्यापैकी येतं, नेटवर्कचं प्रोग्रॅमिंग मात्र नवीन आहे.

आधी हे कशासाठी ते सांगतो. अभ्यासिकेत बहुतेक मुलं एमपीएससीची. घरी एका खोलीत पाच-सहा माणसं, त्यामुळे ऑनलाइन लेक्चर काय, टेस्ट सिरीज काय, सगळं इथेच. संध्याकाळी सातनंतर नेट रडायला लागतं. दोन तास मान मोडून सोडवलेला पेपर सबमिट करताना चक्र नुसतं फिरत राहतं, तेव्हा त्या मुलाच्या तोंडाकडे बघवत नाही. नेट देणारा म्हणतो, आमची लाइन ठणठणीत आहे, तुमच्याच पोरांनी व्हिडिओ लावले असतील. पोरं म्हणतात, आम्ही काही लावलं नाही. मला कोणाच्याच शब्दावर जायचं नाही. वायरवरून खरंच किती काय जातंय ते मोजून समितीपुढे ठेवायचं आहे. समितीची लेखी परवानगी घेतली आहे, दारावर तशी सूचनाही लावली आहे.

वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं तयार सॉफ्टवेअर) माहीत आहे, वापरतोही. पण मला रोज संध्याकाळी आपोआप चालणारा आणि प्रत्येक आयपीमागे किती बाइट आले-गेले एवढाच तक्ता देणारा प्रोग्राम हवाय. कोण काय बघतंय हे मला कळायलाच नको आहे.

विंडोज ११ आहे, व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ आहे. एनपीकॅप (विंडोजवर पॅकेट पकडायची लायब्ररी) इन्स्टॉल केलंय, त्याचं एसडीके (प्रोग्राम लिहायला लागणाऱ्या फायलींचा संच) वेगळं उतरवून सी ड्राइव्हवर ठेवलंय. इन्क्लूड फोल्डरचा पाथ दिल्यावर पीकॅप डॉट एच सापडली. लायब्ररीसाठी एसडीकेतल्या लिब फोल्डरचा पाथ दिला, डिपेंडन्सीमध्ये डब्ल्यूपीकॅप डॉट लिब लिहिलं. बिल्ड केलं की एलएनके२०१९ येते, पीकॅप_फाइंडऑलडेव्ह्ज हे सिम्बॉल (फंक्शनचं नाव) सापडत नाही म्हणून. तिच्या वर पिवळ्या रंगात एलएनके४२७२ अशी वॉर्निंगही दिसते. कोणी वाट दाखवेल का?

प्रतिसाद १

ती पिवळी वॉर्निंग नीट वाचा, सगळं उत्तर तिच्यात आहे. लायब्ररी एक्स८६ (३२ बिट) ची आणि तुमचा बिल्ड एक्स६४ (६४ बिट) चा, असं ती सांगतेय. एसडीकेच्या लिब फोल्डरमध्ये वरच पडलेल्या फायली ३२ बिटच्या असतात, ६४ बिटच्या आत एक्स६४ नावाच्या उपफोल्डरमध्ये असतात. दोन्हीकडे फाइलचं नाव एकच, म्हणून लिंकरला फाइल सापडते पण आतली सिम्बॉल जुळत नाहीत. पाथ त्या उपफोल्डरपर्यंत न्या.

प्रॉपर्टीजच्या खिडकीत वरच्या पट्टीवर कॉन्फिगरेशन आणि प्लॅटफॉर्म काय निवडलंय तेही बघा. डीबगला दिलेले पाथ रिलीजला आपोआप लागू होत नाहीत. ऑल कॉन्फिगरेशन्स निवडून एकदाच भरा. आणि आयपी पत्ते छापायला विनसॉकची फंक्शन्स लागतीलच, तेव्हा डब्ल्यूएस२_३२ डॉट लिबही जोडून ठेवा.

धागाकर्ता

मनापासून आभार! बिल्ड झाला. पण चालवायला गेलो तर डब्ल्यूपीकॅप डॉट डीएलएल (चालवताना लागणारी लायब्ररीची फाइल) सापडत नाही म्हणतो. एनपीकॅप तर इन्स्टॉल आहे.

प्रतिसाद २

हे हमखास होतं. एनपीकॅप आपल्या डीएलएल सिस्टिम३२ मध्ये थेट टाकत नाही, तिथल्या एनपीकॅप नावाच्या उपफोल्डरमध्ये ठेवतो. जुन्या विनपीकॅपशी (एनपीकॅपच्या आधीची तशीच लायब्ररी) मारामारी होऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. इन्स्टॉल करताना विनपीकॅप सुसंगत मोडची खूण केली तर त्या सिस्टिम३२ मध्येही येतात, पण माझं मत विचाराल तर ती पळवाट घेऊ नका. मेनच्या सुरुवातीला सेटडीएलएलडिरेक्टरी हे फंक्शन वापरून तो उपफोल्डर द्या. एवढ्याने भागत नाही, कारण नेहमीच्या पद्धतीने जोडलेली डीएलएल मेन सुरू व्हायच्या आधीच शोधली जाते. म्हणून लिंकरच्या इनपुट पानावर डिले लोडेड डीएलएलमध्ये डब्ल्यूपीकॅप डॉट डीएलएल लिहा आणि डिलेआयएमपी डॉट लिब जोडा, म्हणजे ती लागेल तेव्हाच शोधली जाईल. एसडीकेच्या उदाहरणांत लोडएनपीकॅपडीएलएल्स नावाचं तयार फंक्शन आहे, तेच उचला.

आणि एक कळकळीची विनंती. कॉलेजच्या जुन्या नोट्समध्ये अजून विनपीकॅप दिसतं. त्याची शेवटची आवृत्ती ४.१.३, ती २०१३ ची. विंडोज ११ वर त्याच्या वाटेला जाऊ नका. तिथली पीकॅप_ओपन आणि फाइंडऑलडेव्ह्ज_ईएक्स ही फंक्शन्सही टाळा. पीकॅप_ओपन_लाइव्ह वापरलंत तर उद्या हाच कोड लिनक्सवर लिबपीकॅप या तिथल्या लायब्ररीसोबतही चालेल.

धागाकर्ता

चाललं! कार्डांची यादी आली, पॅकेटही दिसायला लागली. पण फक्त माझ्याच मशीनची आणि थोडी ब्रॉडकास्टची. प्रॉमिस्क्युअस मोड (कार्ड दुसऱ्यांसाठीची पॅकेटही घेतं तो) चालू आहे, तरी बाकीच्या मशीन दिसत नाहीत.

प्रतिसाद १

दिसणारही नाहीत, आणि त्यात तुमच्या कोडचा काही संबंध नाही. स्विच प्रत्येक फ्रेम ज्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) आहे त्याच पोर्टवर पाठवतो. जे तुमच्या वायरवर आलंच नाही ते कार्ड कुठून पकडणार? हबच्या जमान्यात सगळं सगळ्यांकडे जायचं, म्हणून जुन्या पुस्तकांत हे सोपं वाटतं. तुम्हाला पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या फ्रेमची नक्कल दुसऱ्या पोर्टवर देण्याची सोय) असलेला मॅनेज्ड स्विच लागेल. लॅमिंग्टन रोडला साधे आठ पोर्टचे मिळतात, घेताना मिररिंग आहे याची खात्री करून घ्या. राउटरकडे जाणारा पोर्ट मिरर करा, म्हणजे बाहेर जाणारं-येणारं सगळं एका जागी मिळेल. मशीन वाय-फायवर असतील तर अॅक्सेस पॉइंटही याच स्विचला जोडा. राउटरच्याच वाय-फायवर असलेल्या मशीन या पोर्टवर येणार नाहीत.

बऱ्याच स्वस्त स्विचवर मिररच्या पोर्टवरून नेहमीचं नेट चालत नाही, तेव्हा मोजणाऱ्या मशीनला दुसरं यूएसबी लॅन कार्ड लावा.

प्रतिसाद ३

कोडातल्या दोन गोष्टी सांगते. बाइटची बेरीज करताना हेडरमधलं लेन घ्या, कॅपलेन नको. कॅपलेन म्हणजे तुम्ही पकडलेला तुकडा, लेन म्हणजे वायरवरून गेलेली खरी लांबी. हे नीट वेगळं ठेवलं की स्नॅपलेन (प्रत्येक पॅकेटचे किती बाइट पकडायचे ती मर्यादा) ९६ एवढाच ठेवता येतो. इथरनेटचे १४ बाइट, त्यानंतर आयपी आणि टीसीपीचे साधारण वीस-वीस, म्हणजे तुमचं काम आरामात होतं आणि मुलांच्या मजकुराचा फारच थोडा भाग मशीनवर येतो. तोही डिस्कवर लिहू नका, आकडे वाढवले की पॅकेट सोडून द्या. आयपी हेडर मात्र नेहमी २० चाच असेल असं धरू नका, त्याच्या पहिल्या बाइटचे खालचे चार बिट घेऊन चारने गुणा. आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) चा हेडर वेगळा, ४० बाइटचा. तो वगळलात तर निम्मा व्हिडिओ तक्त्यातून गायब झालेला असू शकतो.

नुसत्या बाइटवरून भांडण मिटणार नाही, दादा. त्याच वेळेत यूडीपी पोर्ट ५३ चा फिल्टर लावून डीएनएसचा (साइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) प्रश्न कधी गेला आणि उत्तर कधी आलं हेही मोजा, मजकूर न उघडता. लाइन भरलेली नसताना प्रश्न बाहेर जातायत आणि उत्तरं येत नाहीत असं दिसलं, तर दोष पोरांवर टाकता येणार नाही. फक्त राउटर स्वतःच काही उत्तरं साठवून देतो, आणि मिरर राउटरच्या अलीकडे असेल तर ती उत्तरंही त्यात धरली जातील. म्हणून मोजणीसाठी बाहेरच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता फिल्टरमध्ये घाला आणि एका मशीनवर तोच सर्व्हर सेट करा.

धागाकर्ता

ताई, हे शेवटचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. स्विच शनिवारी आणतो. आयपीव्ही६ आजच घालतो, आणि आठवडाभराचा तक्ता हातात आला की आकडे इथेच टाकतो.