पहाटे पाचचा आकडा खरा की सकाळी नऊचा?

प्रश्न
कारखान्याच्या कुंपणापासून चारशे मीटरवर राहते. गच्चीत लेझरचा छोटा सेन्सर लावलाय. थंडी पडल्यापासून पहाटे पाचला पीएम २.५ (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण) तीनशेच्या वर जातो, दुपारी सत्तरवर उतरतो. मुलीला दमा आहे, म्हणून तक्रार करायची आहे. हा आकडा टिकेल का?

उत्तर १
आर्द्रता नोंदवता का? हा सेन्सर कणांचं वजन करत नाही, त्यांच्यावरून विखुरलेल्या प्रकाशावरून अंदाज बांधतो. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच चढतो.

प्रश्नकर्ती
नोंदवते. पहाटे ९२ टक्के, दुपारी ४०. म्हणजे सगळं धुकंच होतं?

उत्तर २
नाही, ताई. मी सात हिवाळे हवेतले कण अडकवणारे फिल्टर तोलायचं काम केलंय. रात्री जमीन गार पडते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खालचा धूर, धूळ तिथेच कोंडते. पहाटे प्रदूषण वाढतंच, पण किती ते तुमचा सेन्सर सांगू शकत नाही.

शिवाय चिमणी उंच असेल तर पहाटे तिचा धूर बऱ्याचदा झाकणाच्या वरूनच निघून जातो. ऊन चढलं, हवा ढवळली की तोच धूर एकदम खाली येतो. म्हणून पाचपेक्षा आठ ते दहाचे आकडे बघा. तेव्हा आर्द्रताही उतरलेली असते. सोबत वाऱ्याची दिशा लिहा. वारा पडलेला असेल त्या वेळची दिशा धरू नका.

पक्का पुरावा फिल्टरचाच. मिनिटाला १६.७ लिटर हवा २४ तास ओढली की साधारण २४ घनमीटर होते. फिल्टरवर १.४४ मिलिग्रॅम चढलं तर घनमीटरला सरासरी ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची २४ तासांची पातळी १५ आहे. एवढ्याशा वजनात बोटाचा डागसुद्धा घोळ घालतो, म्हणून फिल्टर चिमट्यानेच धरायचा. एकदा मी तो ठरलेल्या आर्द्रतेच्या खोलीत पुरेसा न ठेवताच तोलला. अख्ख्या दिवसाचं मोजमाप रद्द करावं लागलं. त्याचं अजून वाईट वाटतं.

फिल्टरचं एक यंत्र कारखान्याच्या वारा येतो त्या बाजूला, दुसरं जातो त्या बाजूला, एकाच दिवशी लावायला सांगा. मधला फरक बोलतो.

प्रश्नकर्ती
जुन्या नोंदी आत्ताच काढल्या. गेल्या आठवड्यात चार दिवस नऊच्या सुमारास १८०च्या आसपास, आर्द्रता ५५. वाऱ्याची नोंद नाही. उद्यापासून ठेवते. तक्रारीत दोन्ही बाजूंच्या फिल्टरची मागणी लिहिते.