दमट हवेत एचओ मॉडेल रेल्वे इंजिन हळू चालवताना अडखळते

प्रश्न (फोंडा):
माझे एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणाचे, डिझेल इंजिनाचे मॉडेल रुळांतून मिळणाऱ्या १२ व्होल्ट डीसी विजेवर चालते. पावसाळा लागल्यापासून ते वेगात नीट धावते, परंतु हळू चालवल्यास अडखळते आणि काट्यांवर (रूळ बदलण्याच्या जागी) थांबते. मोटर बदलावी काय?

उत्तर (वास्को):
वेगात नीट धावत असल्यास मोटरीवर संशय घेऊ नये. वेगात इंजिन स्वतःच्या जोराने मळकट जागा ओलांडते. हळू चालताना तिथेच प्रवाह तुटतो. निकेल-सिल्व्हरच्या रुळांत चांदी नसते, तांबे, निकेल आणि जस्त असते, आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत त्यांच्यावर थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसावेत; सँडपेपर वापरू नये, कारण ओरखड्यांत मळ लवकर साठतो. नंतर अल्कोहोलने भिजवलेले कापड रुळांवर पसरून एक बोगी (इंजिनाखालचा चाकांचा संच) त्यावर आणि दुसरी उघड्या रुळांवर ठेवावी, इंजिन हाताने धरून वीज देऊन चाके फिरवावीत आणि मग बोग्यांची अदलाबदल करावी. कापडावरील काळे पट्टे पाहून आपणास वेगळे कारण शोधावेसे वाटणार नाही.

उत्तर (मडगाव):
वरील मताशी सहमत आहे. मात्र काट्याच्या मध्यभागी प्लास्टिकचा तुकडा असल्यास तिथे वीज मिळत नाही, म्हणून सर्व चाकांमागील, चाकांतून वीज घेणाऱ्या पिकअप पट्ट्या चाकांना टेकतात की नाही हे तपासावे. अक्षांना प्लास्टिकला अपाय न करणारे तेल थेंबभरच द्यावे. खोबरेल तेल कटाक्षाने टाळावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आधी चाके पुसतो, पट्ट्या नंतर पाहतो.