रॅमची एक पट्टी की दोन?
"सध्या १६ जीबीची एकच रॅम घ्या, दुसरी पुढे बघू" हा नव्या पीसीसाठी वर कुणी दिलेला सल्ला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर चालून जाईल. पण या पीसीत रायझन ५ ५६००जी हा ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर आहे आणि कार्ड वर्षभराने येणार, तेव्हा मला तो अजिबात पटत नाही. त्यातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, सगळा भार रॅमवरच. डीडीआर४ ३२०० प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा पुरवते, दोन लावल्या की ५१.२. भाच्याच्या पीसीत आधी एकच लावली होती, गेम सारखा अडखळायचा. दुसरी टाकल्यावर तोच गेम त्याच सेटिंगवर सुरळीत चालला. पोरगं दोन महिने उगाच वैतागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

८-८ जीबीच्या दोनच घ्या. आणि बायॉसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू केलंय का तेवढं बघा, नाहीतर ३२०० ची रॅम बहुतेकदा कमी वेगावरच चालत राहते.