मातीतल्या जिवाणूंची गप्प जनुकं: थेट कापाकापी करावी की आधी माध्यम बदलावं?

अगरप्लेट: स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या मातीतल्या जिवाणूचा जीनोम २००२ मध्ये वाचला गेला, तेव्हा दुय्यम संयुगं (अँटिबायोटिकसारखी, वाढीला अत्यावश्यक नसलेली) बनवणारे वीसहून जास्त जनुकसमूह दिसले. त्याआधी ठाऊक होती ती ॲक्टिनोऱ्होडिन या निळ्या अँटिबायोटिकसारखी मोजकीच. उरलेल्यांना जागं करायचं तर नियामक जनुकालाच, म्हणजे समूह चालू-बंद करणाऱ्या जनुकालाच हात घालावा. एससीबीआर२ हा दाबून धरणारा नियामक काढला की सीपीके नावाचा गप्प समूह सुरू होतो, माध्यमात पिवळा रंग उतरतो. स्ट्रेप्टोमायसिस ॲम्बोफेशियन्समध्ये एक सक्रियक (समूह चालू करणारा नियामक) सतत चालू ठेवल्यावर २०११ मध्ये ५१ अणूंच्या वलयाची स्टॅम्बोमायसिनं ही नवी संयुगं हाती लागली. नुसती माध्यमं बदलून हे कधी निघालं असतं?

बीजाणू: एका वेळी एकच समूह, आणि तोही डीएनए आत घेणाऱ्या स्ट्रेनमध्येच! मातीतून नव्याने वेगळे केलेले बरेच स्ट्रेन दाद देत नाहीत. त्यापेक्षा साध्या माध्यमात एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन ही अमिनो-साखर घाला, ॲक्टिनोऱ्होडिन वाढतं. समृद्ध माध्यमात मात्र तेच उलटं काम करतं, हे न पाहता लोक 'चालत नाही' म्हणून मोकळे होतात. किंवा रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकच्या प्लेटवर बीजाणू पसरून प्रतिरोधक वसाहती उचला. आरपीओबी या आरएनए पॉलिमरेजच्या जनुकातल्या काही बदलांनी उत्पादन वाढतं, क्लोनिंग शून्य.

अगरप्लेट: 'दाद देत नाहीत' म्हणणाऱ्यांची निम्मी अडचण कॉन्जुगेशनमध्येच, म्हणजे ई. कोलायकडून डीएनए थेट पेशीत पोचवण्यातच असते. प्लाझ्मिड (डीएनएचं वाहक वर्तुळ) डीएच५-आल्फा या नेहमीच्या ई. कोलाय स्ट्रेनमधून आणलं तर सीलिकलर मेथिलेटेड (मिथाइल खुणा असलेला) डीएनए कापून टाकतो. म्हणून ईटी१२५६७/पीयूझेड८००२ हा अशा खुणा न करणारा, मदतनीस प्लाझ्मिड असलेला ई. कोलाय वापरायचा. त्याच्या कल्चरमधली अँटिबायोटिक्स एलबी या द्रव माध्यमाने दोनदा धुवा, नाहीतर डीएनए घेणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिसच्या पेशीच मरतात. सुमारे १० कोटी बीजाणू ५० अंशांवर १० मिनिटं, गार करून मिसळा, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडच्या मॅनिटॉल-सोया अगरवर ३० अंशांना १६ ते २० तास. मग १ मिली पाण्यात ०.५ मिग्रॅ नॅलिडिक्सिक ॲसिड (ई. कोलाय मारायला) आणि १ मिग्रॅ ॲप्रामायसिन (प्लाझ्मिड न मिळालेल्या पेशी मारायला) वरून ओता. घाई केली तर प्रतिरोध तयार व्हायच्या आतच वसाहती जातात.

खडूफळा: दोघंही एक पायरी गाळताय. आधी आरएनए काढून आरटी-पीसीआर करा, म्हणजे जनुकाचा आरएनए बनतोय का ते कळतं. लिप्यंतरण (डीएनएवरून आरएनए बनणं) होतंय आणि एलसीएमएसमध्ये, म्हणजे संयुगं वेगळी करून वस्तुमानाने ओळखणाऱ्या यंत्राच्या आलेखात, त्या संयुगाचं टोक (पीक) नाही, तर नियामक बदलून काय मिळणार? पूर्ववर्ती (संयुगाचा कच्चा माल) कमी पडत असेल, नाहीतर संयुग अर्कात उतरतच नसेल. आणि दुसऱ्या यजमानात हलवायचं म्हणाल तर एम११५२ हा सीलिकलरचाच बदललेला स्ट्रेन उत्तम, त्यातून स्वतःचे चार समूह काढलेले आहेत. पण कॉस्मिड या वाहक डीएनएमध्ये जेमतेम ४० किलोबेस मावतात, स्टॅम्बोमायसिनचा समूह सुमारे १५० चा. शिवाय तुलनेसाठी पीसेट१५२ हे वाहक प्लाझ्मिड रिकामंच घातलेला स्ट्रेन शेजारी वाढवल्याशिवाय नवं पीक दाखवू नका.

बीजाणू: आरटी-पीसीआर मान्य. पण आरएनए कुठल्या माध्यमातून आणि कितव्या तासाला काढणार? म्हणजे माध्यमं आधी बदलावी लागलीच की.