मदत हवी आहे: ढगाळ आकाशाखालचे तासागणिक सौर प्रारण कसे काढावे?

यावल तालुक्यातील केळीबागेत सौरपंपावर ठिबकचे वेळापत्रक बसवण्यासाठी पावसाळ्यातील तासागणिक सौर प्रारणाचा (जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेचा) अंदाज हवा आहे. प्रारणमापक नाही व घेणे शक्य नाही. तापमान, आर्द्रता आणि डोळ्यांनी दर तीन तासांनी नोंदवलेले अष्टमांशांतील मेघाच्छादन (आकाशाच्या आठ भागांपैकी किती ढगांनी झाकले आहेत) एवढेच हाताशी आहे.

सूर्याच्या उन्नतीवरून (क्षितिजापासूनच्या कोनावरून) निरभ्र आकाशाचे प्रारण काढून त्याला कास्टेन व चेप्लाक यांच्या १९८० च्या सूत्राने, म्हणजे १ − ०.७५ × (मेघाच्छादन ÷ ८)^३.४ या गुणकाने, गुणून पाहिले. परंतु आकाश पूर्ण झाकलेले असले की, वर विरळ तंतुमेघ असोत वा सातपुड्यावर टेकलेले काळे ढग, हे सूत्र सरसकट पाव हिस्साच देते. (अँगस्ट्रॉम-प्रेस्कॉट सूत्राला सूर्यप्रकाशाचे तास लागतात, ते नोंदवलेले नाहीत.)

ढगांचा प्रकार नोंदीत असल्यास त्यानुसार ०.७५ हा गुणांक कसा बदलावा, आणि दोन नोंदींमधल्या तासांसाठी मेघाच्छादनाचे अंतर्वेशन (दोन नोंदींवरून मधल्या किमती काढणे) करावे की थेट गुणकाचे?